पंचायतीच्या भिंतीपर्यंत आलेलं इंटरनेट

आमच्या गावात इंटरनेट पोचलं आहे, असं सरकारी नोंदीत बरीच वर्षं लिहिलेलं होतं. नोंद अगदीच खोटी नव्हती. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, सरपंचांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक पांढरी पेटी बसवलेली होती. छपरावर तिच्यासाठी छोटं सोलर पॅनेल, खाली बॅटरी. बसवायला आलेल्या पोरांनी दिवे लावून दाखवले, फोटो काढले, ग्रामसेवकांची सही घेतली आणि गाडीत बसून गेले. पुढे काही दिवस ते म्हणे चाललंही. मी गावी राहायला आले तेव्हा पेटीवर गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं ठेवलेली होती आणि बॅटरी कोणीतरी फवारणीच्या पंपासाठी नेलेली होती.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, खाडीच्या अलीकडे. मे 2020 मध्ये आम्ही पास काढून मुंबईहून आलो, चौदा दिवस शाळेत काढले, आणि घराची कौलं जेमतेम शाकारतोय तोच 3 जूनला निसर्ग वादळ आलं. नारळी-पोफळी गेल्या, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक आठवडे अंधार. त्या अंधारात इंटरनेट मागायची कोणाची टाप नव्हती. पण वीज आली, यजमानांचं निवृत्तीचं ठरलं, आम्ही राहिलोच, आणि माझं काम उभं राहिलं. मी मुंबईतल्या काही छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते, जीएसटीची विवरणपत्रं भरते. महिन्याची 11 आणि 20 तारीख चुकवून चालत नाही. त्या दिवसांत मी लॅपटॉप, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, जायचे. तिथे खाडीपलीकडच्या टॉवरची रेंज मिळते. म्हणजे रेंजसुद्धा रायगड जिल्ह्याची. जानेवारी 2023 मध्ये सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग 2 एमबीपीएस केला, तेव्हा मी सड्यावरचा वेग मोजून पाहिला होता. ढग असले की तेवढाही नसे.

मी एकटीच सड्यावर असायचे असं नाही. रोजगार सेवक असायचा, कारण मनरेगाच्या मजुरांची हजेरी जानेवारी 2023 पासून फोटो काढून ॲपवरच टाकायची सक्ती झाली. ई-पीक पाहणीचे फोटो घेऊन शेतकरी यायचे. रेशन दुकानदार अंगठ्याचं मशिन घेऊन कार्डधारकांसकट वर चढायचा, आणि म्हाताऱ्या बायका पाखाडी चढताना त्याला काय काय ऐकवायच्या ते इथे लिहीत नाही. सगळ्यात मजा ग्रामसेवकांची, म्हणजे भाऊसाहेबांची. पंचायतीचे पैसे आता चेकने देत नाहीत. ई-ग्रामस्वराज प्रणालीवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. गावात नेट नाही म्हणून भाऊसाहेब दोघांच्या सहीचे डोंगल खिशात घालून तालुक्याला जायचे. ज्या कार्यालयात इंटरनेट पोचल्याची नोंद होती, त्याच कार्यालयाची बिलं भरायला वीसेक किलोमीटर दूर जावं लागे.

एका 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी हा विषय काढला. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. झेंडावंदनाला आलेल्यांना चहा मिळेपर्यंत सोडलं नाही म्हणून ती भरली. सरपंचताई माझ्यापेक्षा वयाने लहान, पण बोलायला खमक्या.

"काकी, पंचायत म्हंजे पानी, दिवाबत्ती, घरपट्टी. इंटरनेटाचं आमच्या हातात काय पन नाय."

"मग ती पेटी कोणाची?"

"ती आमाला कुटं इचारून बसवली?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. लोक चिडून पंचायतीला बोलत होते, आणि पंचायतीकडे ना तार होती, ना ती दुरुस्त करायचा पैसा, ना कोणाला हुकूम द्यायचा अधिकार. तिच्याकडे होतं ते लेटरहेड आणि ठरावाचं रजिस्टर. मी म्हटलं, तेवढंच द्या. ठराव झाला. सूचक मी, अनुमोदक आमच्या शेजारचे बंधू, ज्यांना इंटरनेट फक्त क्रिकेटसाठी हवं होतं. ते त्यांनी भर सभेत सांगितलंही.

गावोगावच्या पंचायतींत ज्या योजनेतून अशा पेट्या बसल्या त्या भारतनेटची हकिगत मला ठरावानंतर कळायला लागली. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 ऑक्टोबर 2011 ला तिला मंजुरी दिली तेव्हा नाव होतं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क. अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत फायबरने जोडायच्या असा बेत होता. पैसा एका अर्थी आपल्याच फोनबिलांतला: टेलिफोन कंपन्यांच्या महसुलाचे पाच टक्के सार्वत्रिक सेवा निधीत (2024 पासून त्याचं नाव डिजिटल भारत निधी) जातात, त्यातून हे काम. दोन वर्षांचं काम लांबत गेलं, पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती डिसेंबर 2017 मध्ये झाल्या. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने काम स्वतःकडे घेतलं, महानेट या नावाने. त्यामुळे आमच्यासारख्यांचा पहिलाच प्रश्न असतो तो हा की आपली पेटी केंद्राची की राज्याची.

ठरावाची प्रत जोडून पत्रं गेली. एक गोष्ट मी व्यापाऱ्यांच्या कामातून शिकले होते, ती इथे उपयोगी पडली: पत्र दिलं असं कोणी म्हणालं की जावक क्रमांक विचारायचा. भाऊसाहेब सुरुवातीला वैतागले, मग मी दारात दिसले की स्वतःच रजिस्टर उघडायला लागले. पत्रांची उत्तरं आली ती "योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे" अशी. पुढचे आणखी पुढे पाठवत. एकदा तर आमचंच पत्र तीन कार्यालयांचे शिक्के घेऊन पंचायतीकडे "योग्य त्या कार्यवाहीसाठी" परत आलं. सरपंचताईंनी ते फ्रेम करायचं म्हणून बाजूला ठेवलंय.

मग माहितीचा अधिकार. राज्याच्या कार्यालयाला अर्ज करायचा तर दीडशे शब्दांत, एकाच विषयावर. केंद्राकडे पाचशे शब्द चालतात. मी दोन्हीकडे केला. चुकीच्या दारात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य दारात पाठवायचा, असं कायद्याचं कलम 6(3) सांगतं. आमच्या बाबतीत दोन्ही कार्यालयांनी हे कलम मन लावून पाळलं आणि अर्ज एकमेकांकडे पाठवला. एकाच्या मते आमची पंचायत पहिल्या टप्प्यात, दुसऱ्याच्या मते दुसऱ्या. अपील केल्यावर एक कागद आला. आडवा, बारीक अक्षरांचा, पंचायतींची यादी. आमच्या नावापुढे केबलची लांबी, पेटीचा क्रमांक, "सर्व्हिस रेडी" असा शेरा. देशभरात 2 लाख 14 हजारांच्या आसपास पंचायती अशा शेऱ्याच्या आहेत. आणि शेवटच्या रकान्यात जोडणी शेवटची कधी चालू दिसली ती तारीख. निसर्ग वादळाच्या आधीची.

तो कागद हाताला लागला आणि सगळ्यांच्या बोलण्याचा सूर बदलला. तोपर्यंत आम्ही "नेट नाही" म्हणत होतो, आणि त्यावर कोणीही "बघतो" म्हणू शकत होतं. आता आम्ही म्हणत होतो की तुमच्या नोंदीतली अमुक क्रमांकाची पेटी अमुक तारखेपासून बंद आहे आणि तरी तिला सर्व्हिस रेडी म्हटलंय. जिल्ह्याच्या बैठकीत आमच्या माजी जिल्हा परिषद सदस्यांनी कागद नुसता वर धरला म्हणतात. कोणाला काय वाटलं देव जाणे, पण पावसाळ्यापूर्वी माणूस आला.

परभणीकडचा पोरगा, कंत्राटदाराचा. त्याच्याजवळ फायबर कुठे तुटली ते अंतर सांगणारं यंत्र होतं. तालुक्याहून प्रकाश सोडायचा, तो तुटलेल्या जागेवरून किती वेळात परततो त्यावरून अंतर निघतं. पहिल्या टप्प्यातली पुष्कळ केबल अशी टाकलेली आहे की तालुक्याहून निघून एकामागून एक पंचायती घेत जाते. मध्ये कुठे तुटली की पुढच्या सगळ्या बंद. (4 ऑगस्ट 2023 ला मंजूर झालेल्या 1 लाख 39 हजार कोटींच्या सुधारित भारतनेटमध्ये आता रिंग करायची आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाट. हे आधीच सुचायला हरकत नव्हती.) रस्ता रुंद करताना एका वळणावर केबल उचकटली होती. त्याने तिथे जोड मारला. पेटीवरचा दिवा लालच.

पुन्हा यंत्र लावलं. दुसरा तुकडा आमच्याच हद्दीत, मोरीजवळ. तिथे जलजीवन मिशनच्या पाइपाचा चर खणला होता. पंचायतीच्या नळपाणी योजनेने पंचायतीचं इंटरनेट तोडलं होतं! खणणाऱ्यांनी आधी कळवावं म्हणून मार्च 2023 पासून एक सरकारी ॲप आहे; आमच्या पाण्याच्या कंत्राटदाराने त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. पण सगळा दोष त्यालाही देता येत नाही. केबल 1.65 मीटर खोल असायला हवी. खडकात कमी खोली चालते, पण मग वरून लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचं संरक्षण लागतं. मोरीजवळ ती हातभर खाली, नुसत्या मातीत सापडली. जांभा फोडायचा कंटाळा कोणी तरी केला होता, आणि बिल मात्र पूर्ण खोलीचं निघालं असणार, असं माझं मत. कागद माझ्याकडे नाही, म्हणून मत म्हणते.

दुसऱ्या जोडाचा खर्च कोणी करायचा यावर पुन्हा घोळ. फायबरचा कंत्राटदार म्हणे माझ्या कामात एकच जोड मंजूर, पाण्याचा म्हणे मला कोणी सांगितलं होतं. दोघं मोरीवर उभे राहून आपापल्या साहेबांना फोन लावायला बघत होते आणि रेंज नव्हती. शेवटी सरपंचताईंनी त्या दोघांना समोर बसवून जेवायला घातलं. कोलंबीचं कालवण होतं. जेवण झाल्यावर चर उकरायला माणसं पाणीवाल्याने दिली, जोड परभणीच्या पोराने मारला, संध्याकाळी पेटी हिरवी झाली. पाणीवाल्याने दिलेल्या नव्या बॅटरीवर.

पंचायतीत नेट आलं आणि लगेच त्याच्या मर्यादा कळल्या. सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी निघाली. गावातल्या बायका पंचायतीत लोटल्या. संकेतस्थळ उघडत होतं, आधार क्रमांक घेत होतं, आणि मग ओटीपी मागत होतं. ओटीपी मोबाइलवर येतो. मोबाइलला रेंज नाही. पंचायतीच्या वडाखाली एक दांडी येते, तिथे एका कॉलेजच्या मुलाला सगळ्यांचे फोन देऊन उभा केला. तो आकडे ओरडून सांगायचा, आत केंद्रचालक मुलगी टाइप करायची. ओटीपी कोणालाही सांगू नका अशा जाहिराती करणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. शिवाय नवऱ्याचा किंवा वडिलांचाही ओटीपी लागे. नवरा डोंबिवलीच्या गाडीत लटकलेला. इकडे बायको वडाखालून ओरडतेय, "अवो, आकडा सांगा आकडा!", आणि तिकडे त्याला वाटतंय गावी कोण गेलं.

मग घरोघरीच्या जोडण्या. इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. ही योजना पंचायतीच्या भिंतीपर्यंत येते. तिथून घरापर्यंत तार कोणी तरी भागीदार म्हणून ओढायची, त्याने गिऱ्हाइकं करायची, महिन्याच्या पैशांत त्याचा वाटा. बाजारपेठेतला टीव्ही केबलवाला तयार झाला, पण त्याने आधी घरं मोजली. आमच्या वाडीत घरं पुष्कळ, उघडी थोडी. अर्ध्या घरांना कुलूप, गणपतीत आणि शिमग्यात उघडणारं. त्याचं गणित बसेना. "बंद घराला मी नेट देऊन करू काय? उंदीर बघनार?"

तेव्हा मुंबई मंडळ कामाला आलं. मंडळाची सभा लालबागच्या गावकीच्या खोलीत भरते. तिथे मी व्हिडिओ कॉलवर, म्हणजे पंचायतीत बसून, सगळा विषय मांडला. आमच्या पोरांची अट एकच: गणपतीत पंधरा दिवस गावातून कार्यालयाचं काम करता आलं पाहिजे. त्यासाठी ते वर्षाचे पैसे एकरकमी द्यायला तयार झाले, खांबांसाठी वर्गणीही काढली. केबलवाल्याचं गणित बसलं. मला आजही वाटतं, चाकरमान्यांनी रजा वाचवायचा विचार केला नसता तर आमच्या वाडीत तार आली नसती.

विजेच्या खांबांवरून तार न्यायची तर परवानगी हवी, ती मिळायला वेळ, म्हणून स्वतःचे लोखंडी खांब. खांब कुठे रोवायचा यावर झालेली भांडणं हा वेगळा ग्रंथ आहे. एकाचं म्हणणं, माझ्या हापूसच्या कलमांवरून तार नको, तोडणीला माणूस चढतो. दुसऱ्याच्या गडग्यात खांब म्हणजे उद्या हद्दीचा वाद. चुलतभावांच्या एका घरात तर तीस वर्षांपूर्वीची वाटणी नव्याने निघाली. वाट शेवटी देवळाच्या जागेतून काढली. देवाने हरकत घेतली नाही, गुरवाने घेतली, त्याला फुकट जोडणी दिली.

आता घरी नेट आहे, चांगलं आहे. 20 तारखेला मी ओटीवर बसून काम करते. वीज गेली तरी पेटीची बॅटरी तिकडे चालते, घरच्या मोडेमला इन्व्हर्टर घ्यावा लागला. पहिल्या पावसात दोनदा फांद्या पडून तार तुटली, केबलवाल्याचा पोरगा लगेच आला, कारण तो गावातच राहतो. सरकारी दुरुस्तीसाठी घालवलेली वर्षं आणि ही दुरुस्ती यातला फरक बघून सरपंचताई म्हणाल्या, "आपलं मानूस असलं की फोन नाय करावा लागत, नुसती हाक मारली तरी येतो."

हे सगळं पंचायतीजवळच्या वाडीचं झालं. आमचं गाव महसुली नोंदीत एक आहे, प्रत्यक्षात नऊ वाड्या, मध्ये पऱ्ये, घाट्या, रान. धनगरवाडी सड्याच्या पलीकडे, तीनेक किलोमीटरवर. तिथे मुलं आहेत, शाळा चौथीपर्यंत आहे, आणि उघडी घरं आमच्या वाडीपेक्षा जास्त आहेत, कारण तिथले लोक मुंबईला फारसे गेलेले नाहीत. सुधारित भारतनेटमध्ये पंचायतीचं मुख्यालय नसलेल्या 3 लाख 80 हजारांच्या आसपास गावांना मागणीप्रमाणे जोडायची सोय आहे, हे वाचून मी धनगरवाडीची मागणी लिहून दिली. उत्तर तोंडीच मिळालं, पण स्पष्ट होतं. यादी गावांची आहे, वाड्यांची नाही. धनगरवाडी ज्या गावात आहे त्या गावात पंचायत आहे, पंचायतीत पेटी आहे, पेटी हिरवी आहे. म्हणजे धनगरवाडीला इंटरनेट आहे.

पेटी बंद होती तेव्हा निदान भांडायला जागा होती. घाटावर गाव एका ठिकाणी वसलेलं असतं, तिथे पंचायतीपर्यंत तार आली की चार गल्ल्यांत ती पोचते. कोकणात पंचायत हे फक्त एका वाडीतलं एक घर. दिल्लीत बसून ज्याने हे मोजमाप ठरवलं त्याने बहुधा कोकण रेल्वेच्या खिडकीतूनही बघितलेलं नसावं. वाडी हे मोजायचं माप धरलं नाही तर आमच्याकडे हे असंच होणार, रिंग करा नाहीतर चौकोन.

धनगरवाडीचे एक बाबा मला बाजारात भेटले की विचारतात, "ताई, आमची तार कुटवर आली?" त्यांना मी खरं ते सांगते, की अजून निघालीच नाही. केबलवाला यायला तयार आहे, खांबांचे पैसे कोणी दिले तर. तिथे मुंबई मंडळ नाही. वित्त आयोगाचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी त्या खांबांना वापरता येईल का, असा प्रश्न मी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विचारला. भाऊसाहेब आता ग्रामपंचायत अधिकारी झालेत, पदाचं नाव बदललंय. ते म्हणाले, नियमात बसतं की नाही ते वरून मार्गदर्शन मागवावं लागेल. पत्र गेलंय. मी जावक क्रमांक विचारायच्या आधी त्यांनी तो कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवला.